उठता येईल अशी खुर्ची

लहान पोराला खुर्चीत बसवणं काही अवघड नसतं. त्यातून त्याला आपलं आपण उठता येतंय का, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. कॅम्पिंगच्या खुर्च्या बघायला माणसं दुकानात जातात तेव्हा बोलणं सगळं बसण्याचं चालतं. मऊ आहे का, पाठ नीट टेकते का, पेला ठेवायला जाळी आहे का. माझं मत विचाराल तर सहा-सात वर्षांखालच्या पोरांसाठी खुर्ची बघायची ती उठण्याच्या बाजूनं. कारण ही पोरं बसतात तरी किती वेळ? दोन घास खाल्ले, घोटभर पाणी प्यायली, की पळाली. बसण्याच्या त्या दोन मिनिटांसाठी आपण गादीची जाडी चाचपत बसतो आणि दिवसभर जे चालणार आहे, ती चढउतार, तिच्याकडं लक्षच देत नाही.

आमच्या कोल्हापुरात तंबू ठोकून राहण्याचं वेड अलीकडचं. रस्सा मंडळ मात्र जुनं. कुणाच्या तरी मळ्यात जमायचं, तीन दगडांची चूल मांडायची, मटण शिजवायचं, तांबडा-पांढरा ओरपायचा आणि अंधार पडला की गप्पा ठोकत बसायचं. पूर्वी हा निव्वळ बाप्यांचा कारभार होता. आता बायका-पोरंही जातात आणि पोरं आली की त्यांच्या सोयी आल्या. मंडळातल्या एकानं तंबू घेतला, दुसऱ्यानं बॅटरीचा कंदील घेतला आणि बघता बघता मळ्यातलं बसणं मसाई पठारापर्यंत आणि राधानगरीच्या काजव्यांपर्यंत गेलं. मोठ्यांसाठी घडीच्या खुर्च्या आल्या. पोरं त्यांवरच चढायला लागली.

मोठ्या माणसाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर उंच असते. पाच वर्षांच्या पोराचा गुडघ्यापासून टाचेपर्यंतचा पाय त्याच्या मानानं बराच आखूड. म्हणजे पाय लोंबकळत राहतात, बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतते आणि उतरायचं झालं की पोर पुढं घसरत घसरत कडेवर येतं. सगळं वजन पुढं आलं की हलकी खुर्ची मागून उचलते. युरोपात शाळांच्या खुर्च्यांसाठी मापं ठरवलेली आहेत. ९३ ते ११६ सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठी बैठक २६ सेंटिमीटर उंच, आणि त्यांच्याहून थोड्या मोठ्यांसाठी ३१. ती मापं वर्गातल्या टणक खुर्चीची. कापडी खुर्ची बसल्यावर खाली दबते, तेवढा फरक धरायचा. पण अंदाज येतो. पोर बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत आणि गुडघ्याची मागची बाजू व कापडाची कड यांच्यात दोन बोटं शिरली पाहिजेत. बैठक खोल असेल तर पोर मागं टेकत नाही, आणि टेकलंच तर त्याला पुढं सरकून येता येत नाही.

आता या टाचांचं मला एवढं काय पडलंय? रश्श्यामुळं. मळ्यात पोरांच्या हातात वाटी असते, वाटीत पांढरा रस्सा असतो आणि तो गरम असतो. कडक बैठकीवर सांडला तर पोर ताडकन उठतं, रस्सा खाली ओघळतो. झोळीसारख्या दबणाऱ्या खुर्चीत ढुंगण खाली, गुडघे वर. तिथं सांडलेलं मांडीतच साचतं आणि पोराला झटक्यात उठता येत नाही. पायावर मुंगळा चढला तरी तेच. जाहिरातीतली पोरं अशा खोल खुर्चीत पाय पसरून हसत असतात. त्यांना कुणी गरम रस्सा दिलेला नसतो. म्हणून कापड जितकं ताठ ताणलेलं तितकं बरं. आणि खुर्चीला कमरपट्टा असेल तर ती चुलीच्या आसपाससुद्धा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तशीही ती चुलीपासून लांबच हवी. हे कापड बहुतेक पॉलिस्टरचं असतं आणि एक ठिणगी पडली तरी वितळून भोक पडतं.

तर आम्ही खुर्ची बघायला गेलो. थोरलीनं दुकानात शिरताच हत्तीचे कान शिवलेली खुर्ची धरली. "मी ह्यातच बसतो," म्हणाली आणि बसलीसुद्धा. दुकानदार खूश. "बघा वहिनी, पोरीनं पसंत केली. देऊ का बांधून?" मी म्हटलं, थांबा जरा. दाराशी जाऊन उभी राहिले आणि तिला हाक मारली. आता ती कशी उठते ते बघायचं होतं. तिनं दोन्ही हात हत्तीच्या सोंडांवर, म्हणजे खुर्चीच्या हातांच्या टोकांवर दाबले आणि खुर्ची पुढं कलली. ती टोकं पुढच्या पायांच्याही पुढं आलेली होती. उठताना पोर सगळा भार तिथंच देतं. मग खुर्ची कलणार नाही तर काय करणार? शेजारची साधी, निळी, बिनकानांची खुर्ची होती, तिचे पाय खाली फाकलेले होते आणि हात पायांच्या आतच संपत होते. तिच्यातून ती तीन-चार वेळा उठली तरी खुर्ची जागची हलली नाही. हत्तीसाठी रडारड झाली. ती दुकानापासून कोपऱ्यावरच्या भेळेच्या गाडीपर्यंत टिकली.

पोरं खुर्चीत उभी राहतात, हेही धरून चालायचं. पाठीवर रेलून मागं बघायचं असतं त्यांना, मागं नेहमीच काहीतरी जास्त गमतीचं चाललेलं असतं. तेव्हा मागचे पाय पाठीच्या रेषेच्या थोडे बाहेर हवेत. खुर्चीवर ३५ किंवा ४० किलोचा भार लिहिलेला असतो आणि आपण म्हणतो, आमचं पोर तर १७ किलोचं. पण ते पोर उडी मारून बसणार आहे, आणि उडीचं वजन काट्यावर दिसत नाही.

कापडाच्या बाबतीत आमच्या घरातच तज्ज्ञ आहेत. माझे मेहुणे इचलकरंजीचे, घरचे यंत्रमाग. त्यांना फोनवर सांगितलं की लेबलवर ६०० डी लिहिलंय, तर त्यांनी आधी मला शाळेत बसवलं. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. ६०० डेनियरच्या धाग्याचे एवढे मीटर ६०० ग्रॅम भरतात. धागा जाड, कापड मजबूत, इथवर ठीक. मग म्हणाले, "पण कापड फाटत नाही गं कधी. शिलाई उसवते. पाइप कापडात जिथं शिरतो, तो कोपरा बघ." खरं होतं ते. तिथं कापडाचा आणखी एक थर आणि पुन्हा पुन्हा मारलेली आडवी टीप असली तर खुर्ची टिकते. एकेरी टीप असेल तर ६०० डेनियरचा काही उपयोग नाही.

घडीच्या सांध्याबद्दल मात्र चेष्टा नको. खुर्ची मिटताना दोन पाइप कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांजवळ येतात आणि लहान बोटं नेमकी तिथं असतात. अमेरिकेत मुलांच्या घडीच्या खुर्च्या बोटं चिरडल्याच्या तक्रारींवरून बाजारातून परत मागवाव्या लागल्या आहेत. बसलेलं असताना खुर्ची मिटणार नाही अशी खटक्याची कडी हवी, सांध्यावर प्लास्टिकचं आवरण हवं, आणि पाइप मिटल्यावरही मधे बोटभर फट राहत असेल तर उत्तमच. आमच्याकडं नियम आहे, खुर्ची उघडायची आणि मिटायची मोठ्यांनीच. थोरली हा नियम धाकट्याला आवर्जून सांगते आणि स्वतःला मोठ्यांत धरते.

बसायची जमीन कुठली, हेही बघायला लागतं. मसाई पठारावर जांभा दगड. वर खड्डे, उंचवटे. चार पायांपैकी एक कायम हवेत. पंचगंगेकाठच्या मळ्यात काळी माती. पाऊस पडून गेलेला असला की बारीक पाय त्यात रुततात, एक जास्त रुतला की खुर्ची तिकडं झुकते. पायांखाली रुंद टोप्या असल्या तर रुतणं कमी होतं. जांभ्यावर मात्र थोडी लवचीक चौकटच कामी येते. ही गोष्ट लष्करातल्या लोकांनी फार आधी ओळखली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आताच्या उत्तराखंडातल्या रुडकीला लष्करी इंजिनिअरांच्या छावणीत एक खुर्ची निघाली. लाकडाचे सुटे पाय, आडव्या दांड्या, कॅनव्हासची बैठक. खिळा नाही, सरस नाही. सांधे सैल असल्यामुळं चारही पाय आपापली जमीन शोधायचे, आणि माणूस बसला की त्याच्याच वजनानं सगळं घट्ट व्हायचं. पुढं १९३३ मध्ये डेन्मार्कचे फर्निचर डिझायनर कोरे क्लिंट यांनी तिच्यावरून आपली सफारी खुर्ची केली आणि ती जगभर नावाजली. मूळ रुडकीचं. कॅम्पिंगच्या खुर्च्या म्हणजे परदेशी थेरं, असं कुणी म्हणालं की मी हे ऐकवते.

म्हणणारं दुसरं कोण, आमच्या आत्तीच. सासूबाईंचं म्हणणं साधं असतं. "मांडी घालून बसाय काय झालं? घोंगडं हाय की." घरात पट्टणकोडोलीच्या यात्रेतून आणलेलं काळं घोंगडं आहे. ओल वर येऊ देत नाही, ठिणगीनं वितळत नाही, आणि त्यावरून कुणी पडल्याचं मी ऐकलेलं नाही. धाकट्याच्या बाबतीत आत्तींशी मी भांडलेच नाही. अडीच वर्षांच्या पोराला खुर्ची घेणं म्हणजे फोटोची हौस. तो घोंगड्यावर बसतो, लोळतो, उठतो, कुणाला विचारत नाही. थोरलीची गोष्ट वेगळी. मोठे सगळे खुर्च्यांवर गोल करून बसले की घोंगड्यावरच्या पोरीला नुसते गुडघे दिसतात. तिला तोंडं बघत बोलायचं असतं. शिवाय वाटी मांडीवर न घेता समोरच्या पेटीवर ठेवायची तर थोडी उंची लागतेच.

नवऱ्याच्या मित्राचं निराळंच. त्याचा उद्यमनगरात फॅब्रिकेशनचा कारखाना. "विकत कशाला घ्यालाय वहिनी? मी करून देतो. हत्ती बसला तरी वाकणार न्हाई." याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कोल्हापुरात ऑइल इंजिनं झाली, तर खुर्चीची काय कथा. पण त्याच्या डोक्यातली खुर्ची दहा किलोची होती, आणि पोराची खुर्ची पोराला उचलता आली पाहिजे. उन्हातून सावलीत, धुरातून बाजूला, आईपासून मैत्रिणीपर्यंत थोरलीच ती ओढत नेते. दीड किलोच्या आत वजन असेल तर हे जमतं. मिटल्यावर ती साठ-पासष्ट सेंटिमीटरच्या पिशवीत मावली तर स्कूटरच्या पुढ्यातही बसते. सगळ्यांकडं काही डिकीवाली गाडी नसते.

बाकीचं थोडक्यात. रंग उजळ घ्या. काजवे बघायला जायचं ते मेअखेर-जूनमध्ये, आणि तिथं दिवे बंद ठेवायचे असतात, काळी खुर्ची अंधारात पायात येते. फोमची गादी नको. गगनबावड्याकडच्या पावसात ती एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही, आणि ओलीच पिशवीत कोंबली की वास येतो. जाळीत पेला राहतो, वाटी राहत नाही. खुर्चीवर छोटं छत मिळतं, ते घेऊ नका. पठारावरचा वारा छतासकट खुर्ची उचलून नेतो, आणि पोर मागं धावतं.

निळी खुर्ची आता मंडळात रुळलीय. तिच्यावर मार्करनं 'फक्त पोरांसाठी' लिहावं लागलं, कारण जेवण झाल्यावर सुस्तावलेल्या बाप्यांना सगळ्यात जवळची खुर्ची तीच सापडते. लिहिल्यावरही उद्यमनगरचा मित्र एकदा बसलाच. नव्वद किलोचा गडी. "आम्ही काय म्हातारं झालोय व्हय?" म्हणेपर्यंत खाली कट्‌ असा आवाज झाला आणि सांध्यातला एक रिव्हेट गेला. थोरलीनं असा काही गळा काढला की तो त्याच रात्री खुर्ची घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आणली. रिव्हेटच्या जागी स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, दोन्ही बाजूंना वॉशर, सहजी सैल न होणारा नायलॉक नट, आणि बोल्टचं बाहेर आलेलं टोक पोरांना लागू नये म्हणून घासून गोल केलेलं. काम इतकं चोख की मला बोलायला जागाच उरली नाही. बाकीचे रिव्हेट अजून कंपनीचेच आहेत. ते कधी जातायत याची तो आता वाट बघतोय.