राणीच्या सतराही कळ्या गळल्या, आणि कारण निघालं कुंडीच्या आत

लिहायला हात वळत नाहीये पण सांगते, राणीच्या, म्हणजे माझ्या होया नावाच्या फुलवेलीच्या, सगळ्या कळ्या गेल्या. मागच्या अपडेटमध्ये ज्या पेडंकलचा (कळ्या धरणाऱ्या दांड्याचा) फोटो टाकला होता ना, साबुदाण्याएवढ्या सतरा कळ्या, त्याच. पहिली सापडली खिडकीच्या कट्ट्यावर, तिचा देठ कळीच्या बुडाशी पिवळा पडलेला होता, म्हटलं एखादी गळतेच. दुसऱ्या दिवशी तीन. आठवड्याभरात नुसता बोडका पेडंकल राहिला. २०२१ च्या दिवाळीत चार इंची कुंडीत आणलेली 'क्रिमसन क्वीन' जातीची होया, हा तिचा चौथा पावसाळा आणि पहिलाच पेडंकल, त्यामुळे दोन दिवस मला त्या खिडकीकडे बघवलं नाही.

मग सुरू झाला शोध, आणि महिनाभर मी चुकीच्याच दिशेनं हिंडत होते. पहिला संशय अर्थातच जागा हलवल्याचा, कारण कळ्या धरल्यावर होया फिरवायचा नाही हे आपण सगळेच एकमेकांना सांगत असतो, पण मी तिला खरंच हलवलं नव्हतं, भिंतीवर पेन्सिलीनं खूण केलेली आहे. मग उजेड. पूर्वेची खिडकी, सकाळी मोबाइलच्या लक्समीटरवर नऊ-दहा हजार येतात, पावसाळी ढगांत तीन-चार हजारांवर घसरतात, म्हणून वरून ग्रो लाइटची पट्टी लावली, फरक शून्य. मग वाटलं मे महिन्याच्या उन्हाळ्याचा झटका उशिरा दिसतोय. नाशिकचा मे तुम्हाला माहितीये, चाळिशीच्या आसपास जातोच. पण उन्हाळा सोसून कळ्या धरल्या त्या मेअखेरीला आणि गळल्या जुलैत, गार हवेत, म्हणजे तेही जुळेना.

खरी खूण डोळ्यांसमोर होती आणि मी ती उलटी वाचली. आपली टाको टेस्ट आहे ना, पान अलगद दुमडून बघायचं, कडक असेल तर पाणी नको, मऊ वाकलं तर द्यायचं. जूनपासून राणीची पानं कायम मऊ. जुनी पानं तर देठाजवळ सुरकुतलेली, हाताला पापडासारखी लागायची. मी म्हटलं तहानलीये, पाणी दिलं. चार दिवसांनी परत मऊ. परत दिलं. कुंडी उचलून बघितली असती तर कळलं असतं की ती जड आहे, आत ओल आहे, आणि तरीही पान मऊ आहे! कुंडीतलं मिक्स ओलं आणि पान तहानलेलं याचा अर्थ मुळं पाणी ओढत नाहीयेत, एवढं सरळ आहे ते. पण वरून वेल छान लांब सुटलेली होती, टोकाला गुलाबी नवी पानं येत होती, त्यामुळे मुळांकडे लक्षच गेलं नाही.

आणखी एक खूण आमच्या सासूबाईंनी दिली होती. जूनमध्येच म्हणाल्या, "अगं, या खिडकीत मुंग्या का गं लागल्यात एवढ्या?" मला वाटलं पेडंकलला चिकट काही सुटत असेल त्याला आल्या असतील, फुलणाऱ्या होयाला मध असतोच ना. पण त्या मुंग्या पेडंकलकडे जातच नव्हत्या. त्या कुंडीच्या खालच्या भोकातून आत जात होत्या.

शेवटी एका रविवारी गॅलरीत पेपर पसरला आणि राणीला कुंडीतून काढलं. दोघं लागलो, नवऱ्यानं वेली वर धरून ठेवल्या, मी कुंडी दाबत दाबत खाली ओढली. कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरट-निळसर पीठ लागलेलं, खडूची भुकटी ओल्या बोटानं फासावी तसं. मुळांच्या गोळ्यावर पण जागोजागी तसेच पुंजके. मी आधी खूश झाले, म्हटलं चांगली बुरशी धरलीये मुळांना. बाकीचं पर्लाइट असेल, मिक्समधले ते पांढरे हलके दाणे. मग एक दाणा चिमटीत धरला. पर्लाइट चुरडतं, कुरकुरतं. हा दाणा फासला गेला, आणि बोटावर किंचित ओलसर, मेणचट काहीतरी राहिलं. फोनला मॅक्रो लेन्स लावून मुळावर धरली तर तांदळाच्या कणीएवढे पांढरे लांबट किडे, त्यातला एक हळूहळू पाय हलवत मुळाच्या खाली सरकला. अंगावर काटा आला.

फोटो दिरांना पाठवला, त्यांची निफाडकडे द्राक्षाची बाग आहे. दोन मिनिटांत फोन. "वहिनी, पिठ्या आहे हा. मुळावरचा." आपण ज्याला मिलीबग मिलीबग म्हणतो तो द्राक्षवाल्यांचा पिठ्या ढेकूण, त्यांचा जुना वैरी. त्यांच्याकडचा वेगळा, खोडावर आणि घडात बसणारा, आणि माझ्याकडचा मातीत राहणारा, पण दोघेही पिठ्याच. त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय, "वरून कितीही फवारा, साल काढल्याशिवाय पिठ्या सापडत नाही." बागेत तो खोडाच्या सैल सालीखाली दडतो म्हणून छाटणीनंतर ते लोक साल सोलून काढतात. माझ्या बाबतीत साल म्हणजे कुंडी. मी महिनाभर पानांवर कडुनिंबाचं तेल फवारत बसले होते आणि ते खाली बिनघोर बसलेले.

आता काय काय केलं ते सविस्तर लिहिते कारण मुळावरच्या पिठ्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. सगळं जुनं मिक्स पिशवीत बांधून थेट कचऱ्यात, दुसऱ्या कुंडीत नाही, कंपोस्टमध्ये तर अजिबात नाही. मुळं नळाखाली धरून धुतली, जुन्या मऊ टूथब्रशनं एकेक मूळ, तास गेला. जी मुळं काळी आणि पोकळ झालेली, बोटानं ओढली की साल निघून आत दोरा राहतो तशी, ती कापली, आणि निम्म्याहून जास्त गेली हो. मग साबणाच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवली, परत धुतली, परत लेन्सनं बघितली तर दोन मुळांच्या बेचक्यात अजून होतेच, तिथे कापसाच्या काडीनं सर्जिकल स्पिरिट लावलं. जुनी कुंडी फेकली.

नंतरचा प्लॅन दोनदा बदलला. आधी इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं ड्रेंचिंग, म्हणजे औषधाचं पाणी मुळांशी ओतणं, ठरवलं होतं, कृषी सेवा केंद्रातून आणलंही. मुळातून शोषलं जातं, रस पिणारा किडा मरतो, सरळ काम आहे. पण बाटली हातात घेतल्यावर विचार आला, हा पेडंकल जर परत फुलला तर त्या मधात पण ते उतरणार. होयाच्या फुलाला मधाचे थेंब लोंबतात, खिडकी उघडी असते, आणि समोरच्या आंब्यावर फुलोरी मधमाशांचं पोळं आहे. नको वाटलं. बाटली दिरांना देऊन टाकली.

मग त्यांनीच सुचवलं की क्रिप्टोलीमस आणू का, मिलीबग खाणारा लेडीबर्ड भुंगा, मूळ ऑस्ट्रेलियाचा, आपल्याकडे १८९८ मध्ये आणला होता आणि द्राक्षवाले आजही बागेत सोडतात. ऐकायला फार छान वाटलं, पण तो झाडाच्या वरच्या भागात शिकार करतो, मातीत शिरणार नाही. बोलता बोलता ते म्हणाले, "मातीतल्याला मातीतलाच पाहिजे, ऊसवाले हुमणीला टाकतात ते मेटारायझियम टाका." आणि हे एकदम पटलं! ही बुरशी किड्याच्या अंगावर रुजते आणि कातडीतून आत शिरून त्याला मारते, ओल लागते तिला, आणि आत्ता नाशिकच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. पुडा आणला, लिटरला दहा ग्रॅम, संध्याकाळी ऊन नसताना ड्रेंच केलं. दर दहा दिवसांनी असं तीनदा करणार, कारण अंड्यातून नवीन पिल्लं निघत राहतात, एका वेळेत काम होत नाही.

यातच एक घोळ होता होता वाचला. कापलेल्या मुळांना बुरशीनाशक पावडर लावायची माझी नेहमीची सवय, डबी उघडून बसलेच होते, आणि लक्षात आलं की बुरशी मारायचं औषध लावून वर बुरशीच ओतली तर ती जगणार कशी? म्हणून पावडर बंद, दालचिनी पण बंद. मुळं फक्त सावलीत, पंख्याखाली अर्धा दिवस सुकू दिली आणि मग लावली. तुम्ही कोणी मेटारायझियम किंवा ट्रायकोडर्मा (ती पण उपयोगी बुरशीच) वापरत असाल तर हे ध्यानात ठेवा.

आता मिक्सबद्दल. या वेळी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अजिबात नाही, एक चमचा पण नाही. धुतलेल्या कोकोचिप्स (नारळाच्या सोडणाचे तुकडे), पाइन बार्क (पाइनच्या सालीचे तुकडे), पर्लाइट आणि लोणारी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे. कोकोचिप्स तीन पाण्यांनी धुवा, पहिलं पाणी चहासारखं निघतं आणि त्यात क्षार असतात. आणि कुंडी पारदर्शक! ऑर्किडची महागडी नाही, ज्यूसचा मोठा प्लास्टिकचा ग्लास, सोल्डरिंग गननं बाजूला आणि खाली भोकं पाडलेली. मला वाटतं लोंबत्या वेलीला आपण सगळेच सुंदर सिरॅमिकच्या मागे लागतो, बाहेरून वेल बघतो, आतलं कधीच दिसत नाही. मी तरी आता सगळे होया पारदर्शकमध्ये हलवणार आहे, बाहेरून कव्हर पाहिजे तर घालता येतं.

हा पिठ्या आला कुठून, तर माझी खात्री आहे की जानेवारीत ऑनलाइन मागवलेल्या लिनिॲरिस या दुसऱ्या होयाबरोबर. नाव लिहीत नाही, पण विक्रेत्यानं "मुळं हलवू नका, तशीच ठेवा" असं लिहून पाठवलं होतं, आणि हिमालयातलं नाजूक झाड म्हणून मी ते मानलं. लिनिॲरिसची कुंडी राणीच्या शेजारी, एकाच ट्रेमध्ये, दोघींचं पाणी एकात मिसळायचं. परवा लिनिॲरिस उघडली, तिच्यात राणीपेक्षा दुप्पट. सिंडॅप्सस आणि डिस्किडिया या खिडकीतल्या बाकीच्या वेली, त्याही उघडून बघितल्या, देवाच्या कृपेनं स्वच्छ. पण सिंडॅप्ससच्या ट्रेमध्ये दोन मुंग्या दिसल्या म्हणून त्याची पण दर आठवड्याला तपासणी. नवीन झाड कोणाकडूनही येवो, कुंडीतून काढून मुळं बघितल्याशिवाय आणि महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवल्याशिवाय आता खिडकीत जाणार नाही.

विमा म्हणून राणीच्या तीन कटिंग घेतल्या. ज्या वेलीवर पेडंकल आहे तिला हात लावला नाही, पेडंकल कापायचा नसतो, पुढच्या वेळी त्याच पेडंकलवर परत कळ्या येतात. दुसऱ्या वेलीच्या शेपटाच्या दोन-दोन गाठी. कापल्यावर जो पांढरा चीक ठिबकतो तो बघून सासूबाई म्हणाल्या रुईसारखाच आहे की, आणि खरंच आहे, रुई आणि होया एकाच कुळातले. चीक सुकला की स्फॅग्नम मॉसमध्ये (ओल धरणाऱ्या शेवाळात), मिठाईच्या पारदर्शक डब्यात.

हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, तिन्ही मॉसमध्ये कशाला? एक लेकामध्ये (LECA, भाजलेल्या मातीचे हलके गोळे) टाकते. लेकाचे गोळे धुता येतात, उकळता येतात, पिठ्याला दडायला जागा कमी. तगली तर हिवाळ्यानंतर राणीलाच लेकात नेण्याचा विचार करता येईल. म्हणजे कालपर्यंत ठरवलं होतं की आता वर्षभर राणीला हात लावायचा नाही, ते बहुतेक मोडणार. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्या खिडकीत पण रात्री चांगलाच गारठा येतो, त्या वेळी मुळं नवीन असतील तर रिस्क आहे, म्हणून फेब्रुवारीच्या आधी नाही. लेकात होया कार्नोसा (राणी त्यातलीच) कोणी आपल्याकडच्या थंडीत काढलाय का, खताचं प्रमाण काय ठेवता, ते प्लीज लिहा.

आणि आज सकाळची गोष्ट. टॉर्च घेऊन ग्लास फिरवून बघत होते, मेटारायझियमच्या पहिल्या ड्रेंचला आज नववा दिवस. भोकाजवळ कोळशाच्या तुकड्याला चिकटून एक नवं मूळ दिसलं, अर्धा सेंटिमीटर असेल, टोक हिरवट पांढरं, अगदी स्वच्छ. पांढरं पीठ कुठेही नाही. पानं अजून मऊच आहेत पण पेडंकल हिरवा आहे, टोकाशी सुकलेला नाही. उद्या संध्याकाळी दुसरं ड्रेंच.