घरी बोलत नाहीत, तुमच्याशी काय बोलतात?

"सिस्टर, घरी तोंड उघडत नाहीत. तुमच्याशी मात्र तासभर बोलतात. असं काय विचारता तुम्ही?" नाशिकला किमोच्या डे-केअरमध्ये नर्स आहे, त्यामुळे हे मला सतत कुणीतरी विचारतं. बहुतेकदा पेशंटची सून, नाहीतर मुलगा. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी समोर बसून विचारत नाही. शीर शोधत असते, सलाईन लावत असते. त्यांचा हात माझ्या हातात आणि दोघांचं लक्ष सुईकडे. तेव्हा माणूस बोलतो. शिवाय मी रडेन, ही धास्ती त्यांना नसते, तुमच्याबद्दल असते.

मग एक कागद पुढे करते. त्यावर थर्मामीटरचं चित्र, ० ते १० आकडे. गेल्या आठवड्यात जिवाला किती त्रास झाला, तिथे बोट ठेवायचं. न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जिमी हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे मांडलं. ४ किंवा त्याच्या वर बोट गेलं की खोलात विचारायचं. "उदास वाटतं का?" म्हटलं की आपली माणसं "छे, काही नाही" म्हणतात. आकडा मात्र खरा सांगतात.

दिंडोरीकडच्या एका मामांनी ८ वर बोट ठेवलं. मला वाटलं, मरणाची भीती. तसं नव्हतं. द्राक्षाची गोडी छाटणी झालेली, डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवायचं काम, तोंडावर आलेलं आणि किमो नेमकी त्याच आठवड्यात. "बाग हातची गेली तर कर्ज कोण फेडणार?" कागदाच्या मागे आम्ही दोघांनी कामं लिहिली. फवारणी पुतण्याकडे, मजुरांशी बोलणं मुलीकडे. मामांनी रोज संध्याकाळी बांधावरून एक फेरी मारायची, फवारणी चालू असेल तेव्हा मात्र नाही. पुढच्या किमोला आले तेव्हा बोट ५ वर आलं. कर्ज तेवढंच होतं.

याला नुसत्या गप्पा समजू नका. कॅन्सरसोबत नैराश्यही असलेल्या ५०० जणांवर स्कॉटलंडमध्ये अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित नर्सने अडचणी एकेक करून सोडवायला शिकवलं, हालचाल वाढवायला लावली, पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते. २४ आठवड्यांनी त्या गटातल्या ६२ टक्के लोकांचं नैराश्य निम्म्याने किंवा जास्त उतरलं. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत १७ टक्के. म्हणून माझं म्हणणं आहे की या बोलण्यासाठी नर्सच्या ड्युटीत वेगळा वेळ लिहून द्यावा. एका नर्सकडे डझनभर सलाईन असतील तर कागद खिशातच राहतो.

मीही पूर्वी "काही होत नाही, घाबरू नका" एवढंच म्हणायचे. एका ताईंना किमोचं लाल औषध नुसतं दिसलं तरी उलटी व्हायची. सुई टोचायच्या आधीच. त्यांनाही मी तेच सांगितलं आणि त्या पुढे कधी काही बोलल्याच नाहीत. त्या उलटीवर उपाय असतात, हे मी तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं होतं.

"जगावंसं वाटत नाही" असं कानावर आलं तर मी एकटी सांभाळत बसत नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना बोलावते. घरी ऐकलंत तर तुम्हीही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालू असतो.

आणि बाकी दिवशी त्यांना समोर बसवून विचारू नका. शेंगा सोलायला घ्या, त्यांनाही मूठभर द्या.