दोन फूट उंच प्लांटेड टँकला लाइट निवडताना

फ्लॅटमध्ये जागा वाचते म्हणून नाशिकमध्येही अनेक जण प्लांटेड टँकसाठी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीसाठी, उंच टाकी घेतात. दिसते सुंदरच, पण त्यात तळाला लावलेलं मोंटे कार्लो हे बुटकं रोप पसरायचं सोडून वर वर उंच होतं, खालून पिवळं पडतं, आणि त्याच वेळी उंच वाढणाऱ्या रोटाला या रोपाच्या शेंड्यांवर शेवाळ चढतं. लाइट वॅट बघून घेतला की असं होतं. वॅट म्हणजे वीज किती खाल्ली, एवढंच. रोपांच्या कामाचा उजेड तळापर्यंत किती पोहोचतो, हे ‘पार’ या मापावरून कळतं. ॲन्युबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन यांना वाळूच्या पातळीवर २० ते ३० पार पुरतो. कार्पेटला, म्हणजे मोंटे कार्लोसारख्या तळ झाकणाऱ्या रोपांना, ५०च्या आसपास लागतो.

खोक्यावर पार दिलेला असेल तर तो किती अंतरावर मोजलाय ते आधी बघा. १२ इंचांवरचा आकडा २४ इंचांच्या टाकीला कामाचा नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, हा हिशेब इथे तंतोतंत लागू होत नाही, कारण काचा आतून उजेड परत फेकतात. तरी घट मोठीच असते.

पार दिलेलाच नसेल तर ल्युमेनवरून, म्हणजे लाइटच्या एकूण उजेडाच्या मापावरून, अंदाज बांधा. ३६ × १८ × २४ इंचांची टाकी साधारण २५५ लिटरची. सॉइल (तळाची माती) आणि दगड वजा जाता २२० लिटर धरा. मध्यम वाढीसाठी लिटरला ३० ल्युमेन म्हणजे ६,६०० ल्युमेन. वॅटमागे १०० ल्युमेन देणारा एलईडी असेल तर ६५ वॅटच्या आसपास. उजेडाचा रंग ६५०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, ठेवा.

उंच टाकीत खरा फरक पडतो तो लेन्सच्या कोनाने, म्हणजे उजेड किती पसरतो त्याने. १२० अंशांचा लाइट एक फूट वर टांगला तर बराच उजेड टाकीबाहेर भिंतीवर आणि डोळ्यांत जातो. तो पाण्याच्या दोन-तीन इंच वरच बसवा. ६० ते ९० अंशांच्या लेन्सचा आठ-दहा इंचांवर टांगला तरी चालतो, पण एकच घेतला तर मधे झोत आणि कोपऱ्यांत काळोख होतो. १८ इंच रुंदीला एक जाड पट्टी घेण्यापेक्षा दोन बारीक पट्ट्या, एक पुढे आणि एक मागे, हे माझ्या मते कधीही चांगलं. पुढच्या पट्टीखाली कार्पेट, मागे व्हॅलिसनेरियासारखं उंच रोप. उजेड कमी-जास्त करणारा डिमर हवाच.

वाटेत उजेड कुठे अडतो तेही बघा. बोअरच्या जड पाण्याचे शिंतोडे वरच्या काचेवर सुकले की क्षारांचा पांढरा थर बसतो. दर आठवड्याला व्हिनेगरने पुसा. टाकीत ठेवलेल्या नव्या लाकडाने पाणी चहासारखं होतं आणि निळा उजेड त्यातच जिरतो. तरंगत्या रोपांनी अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकू देऊ नका.

नवी टाकी असेल तर निम्म्या ताकदीवर, रोज सहा तास. दोन-तीन आठवड्यांनी रोपांनी मूळ धरलं की दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत आठ तासांपर्यंत जा. पेरं लांबत असतील तर उजेड कमी पडतोय. केसाळ शेवाळ दिसलं तर आधी लाइटची ताकद कमी करा, खत बंद करू नका. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायची सोय नसेल तर कार्पेटचा हट्ट सोडा. तेवढा उजेड दिला तर आधी शेवाळच वाढतं. असेल तर लाइट लागायच्या एक तास आधी गॅस सुरू व्हायला हवा.

चाकाचा टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. बॅटरी बॅकअपचा डिजिटल घ्या. टाकीपासून सॉकेटकडे जाणाऱ्या वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब ओघळत सॉकेटपर्यंत जाणार नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे गेला की वेळ तासभर कमी करून लाइट संध्याकाळी पाचनंतर लावा. पश्चिमेच्या खिडकीतून टाकीवर ऊन येत असेल तर पडदा ओढलेलाच ठेवा.