टाकी तिसऱ्यांदा गुलाबी

जुने पितळी पंपाचे स्टोव्ह जमवून उजळायचा आपला छंद; त्यातला माझा चौथा स्टोव्ह झाला, आता फक्त पॉलिश बाकी, असं मी मागच्या वेळी लिहिलं होतं. ते शब्द परत घेतो.

आठवण म्हणून सांगतो, हा सोलापूरच्या मंगळवार बाजारातल्या भंगारवाल्या चाचांकडून निव्वळ पितळेच्या वजनावर घेतलेला, टाकीवर स्वीडनचा शिक्का असलेला. बर्नर, पंपाची नळी, तेलाचं झाकण, हवेची चावी असं जे जे सुटं होतं ते लिंबूसत्त्वाच्या पाण्यातून पंधरा मिनिटांत पिवळंधमक निघालं. टाकी तेवढी बाहेर काढली की गुलाबी. घासून पिवळी केली, सांध्यात काळं राहिलं म्हणून परत बुडवली, परत गुलाबी. रविवारी तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा बादलीला लाथ मारावीशी वाटली. मारली नाही, कारण गच्चीवर बोअरचं पाणी चढवायला मोटर लावावी लागते.

आपल्यातल्या बहुतेकांचं उत्तर ठरलेलं आहे: पितळ म्हणजे तांबं आणि जस्त; जास्त वेळ ठेवलंस, जस्त निघून गेलं, तांबं उरलं. मलाही तेच वाटत होतं. म्हणून लिटरला ५० ग्रॅमचं प्रमाण २० वर आणलं. गुलाबी व्हायला वेळ लागला, पण झालीच. मग उन्हावर संशय घेतला. पुण्याच्या मित्राचं ‘वीस मिनिटं’ हे माप त्याच्या सावलीतल्या बाल्कनीचं आहे; आपल्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवरच्या बादलीत हात घातला तर अंघोळीचं पाणी वाटतं, आणि पाणी गरम म्हणजे ॲसिडचं काम झपाट्यानं. बादली जिन्याखाली नेली. तरी गुलाबी. मग वाटलं, पाणी जुनं आहे, पाच-सहा नग धुऊन निळसर-हिरवं झालंय, त्यात उतरलेलं तांबंच परत बसत असेल. नवीन पुडा आणला. (एका दुकानातलं लिंबूसत्त्व पाण्यात पूर्ण विरघळतच नाही, खाली पांढरा गाळ राहतो. सुटं घेऊ नका, सीलबंद घ्या.) ताज्या पाण्यात रंग फिका आला, पण आलाच.

सोमवारी टाकी उजेडात धरली तेव्हा दिसलं की गुलाबी रंग सगळीकडे सारखा नाही. पायांच्या बुडाशी, डाग देऊन (झाळून) जोडलेल्या सांध्याभोवती तो सगळ्यात गडद, वर शिक्क्याकडे जाता जाता फिका. पायांना चुंबक लावला. टक्क! पाय लोखंडी आहेत, वरून नुसता पितळी मुलामा. आणि मुलामा तळाला झिजलेला.

खात्री करायला लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या घेतल्या. दोन्हींत एकच द्रावण, प्रत्येकीत नळाचा एकेक जुना पितळी नट. एका नटाला लोखंडी खिळा तारेनं घट्ट बांधला, दुसरा तसाच. अर्ध्या तासानं खिळेवाला नट तांबूस, दुसरा मळकट पिवळा. म्हणजे दोष ना वेळेचा, ना उन्हाचा. ते फक्त वेग वाढवत होते. लोखंड आणि पितळ एकमेकांना टेकलेले आणि दोघं एकाच आंबट पाण्यात, म्हणजे छोटी बॅटरीच. लोखंड विरघळतं आणि पाण्यातलं तांबं पितळेवर येऊन बसतं. सोनार आंबवणीत (दागिने उजळायच्या आंबट पाण्यात) लोखंडी चिमटा घालू देत नाहीत ते याचसाठी. सुटे भाग स्वच्छ का निघाले तेही कळलं: त्यांना पाय नव्हते!

तेव्हा मंडळी, बादलीत बुडवण्याआधी प्रत्येक नगाला चुंबक लावा. स्टीलच्या घासणीचे तुकडे सांध्यात अडकले असतील तर तेही लोखंडच.

बसलेलं तांबं काढायला लिंबूसत्त्वाच्या पाण्यात औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, कपाला दोन चमचे. कापसानं पुसायचं, मिनिटभरात धुवायचं. गुलाबी गेली, खालचं पितळ थोडं निस्तेज पण पिवळं. उरलेलं मिश्रण फेकून द्या, बाटलीत बंद करून ठेवू नका, वायू धरतो.

कुठलं पॉलिश लावायचं यावरून मागे आपल्यात वाद झाला होता. पितांबरी भांड्यांना उत्तम, पण शिक्क्याची अक्षरं तिनं बोथट होतात. आणि अमोनियाचा वास मारणारी पॉलिशं मी टाकीला लावणार नाही, कितीही चकाकू देत. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडायच्या. काडतुसं ठेवलेली घोड्यांच्या पागेजवळ. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि न तापवता ओढून बनवलेल्या पितळेत दबून राहिलेला ताण, या दोघांनी मिळून ते केलं, हा उलगडा १९२१ साली झाला. आपली टाकीही तशीच पत्रा ओढून बनवलेली, आणि तिच्यात पंपानं हवा भरायची आहे. एकदा पुसून लगेच धुतलं तर काही होणार नाही, मान्य. पण मुरत पडू देण्यात अर्थ नाही.

एक आनंदाची गोष्ट: पंपाचा चामडी वायसर जमला. बाळीवेशीतल्या चांभारकाकांनी कापून दिला, दहा रुपये. पहिला मी घरच्या करडईच्या तेलात भिजवला, आठवड्यात चिकट होऊन अडकला, कारण करडईचं तेल हवेवर सुकतं. दुसरा एरंडेलात ठेवला. टाकीत हवा भरून बादलीत बुडवली, बुडबुडा एकही नाही. तो क्षण मी बराच वेळ उगीच बघत बसलो.

आता पुढचं. ठरवलं होतं की पायांना नेलपॉलिशचे दोन हात द्यायचे, लोखंडाला पाणी लागू द्यायचं नाही, मग टाकी बुडवायची. नव्या पेठेतून वीस रुपयांची बाटलीही आणली, भडक लाल. पण बादली भरताना आईनं विचारलं, “अरे, चिंच लाव की सरळ. आख्खं भांडं कशाला बुडवतोस?” मी नेहमीसारखं हो-हो केलं, आणि आता हे लिहिताना डोक्यात उजेड पडतोय. चिंचेचा कोळ जाड असतो, लावला तिथंच राहतो. पायांच्या दोन बोटं वर थांबवला तर लोखंडाला आंबट लागणारच नाही, मग बॅटरी कुठली? मीठ मात्र घालणार नाही, सांध्यात राहिलं तर पुढं खात बसतं. धुतल्यावर खाण्याच्या सोड्याचा हात आणि शेवटचं पाणी गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, कारण बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके उठतात.

तेव्हा नेलपॉलिश फक्त सांध्याच्या कडेपुरतं. वाटीभर चिंच भिजत घातलीय. पाच नंबरचा स्टोव्ह अजून पोत्यात आहे. काल रात्री उठून त्याच्या पायांना चुंबक लावून आलो. चिकटला.