स्कॅन एकच, वाचणारे तिघं

कॅन्सरवरच्या औषधांच्या चाचण्यांसाठी, म्हणजे क्लिनिकल ट्रायलसाठी, येणारे सीटी, एमआरआय तपासणाऱ्या टीममध्ये मी काम करते. नेमकं काय करतेस असं कुणी विचारलं आणि मी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "अगं पण हॉस्पिटलच्या रेडिओलॉजिस्टने रिपोर्ट दिलेला असतोच ना, मग तोच स्कॅन परत कशाला बघायचा?" प्रश्न रास्त आहे. पण त्या रिपोर्टमध्ये "गाठ आधीपेक्षा किंचित लहान वाटते" असं लिहिलेलं असतं, आणि पेशंटवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला तेवढं पुरतंही. ट्रायलला ते "किंचित" चालत नाही. किती मिलिमीटर, कुठल्या गाठीची, कुणी मोजली, आणि मोजणाऱ्याला पेशंट कुठल्या औषधावर आहे ते माहीत होतं का, हे सगळं लागतं.

यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात जुना आहे. 1948 साली ब्रिटनमध्ये टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ती गाजलेली ट्रायल छापून आली, 107 पेशंट, त्यातल्या 55 जणांना औषध आणि बेडरेस्ट, बाकीच्या 52 जणांना नुसती बेडरेस्ट. बेडरेस्टवाल्यांना खोटं इंजेक्शन वगैरे काही दिलं नव्हतं, म्हणजे वॉर्डातल्या डॉक्टरांना कोणाला औषध चालू आहे ते दिसतच होतं. मग त्यांनी छातीचे एक्सरे दोन रेडिओलॉजिस्ट आणि एक क्लिनिशियन अशा तिघांकडे दिले, तिघांनी वेगवेगळं वाचायचं आणि फिल्म कुठल्या ग्रुपची ते कोणालाच सांगायचं नाही. सहा महिन्यांनी एक्सरेवर ठळक सुधारणा औषधवाल्यांपैकी 51 टक्क्यांत आणि बाकीच्यांपैकी 8 टक्क्यांत. आज आम्ही ज्याला ब्लाइंडेड सेंट्रल रीड म्हणतो (हॉस्पिटलबाहेरच्या टीमने, औषध कुठलं ते माहीत नसताना केलेलं वाचन) ते मुळात हेच, फक्त फिल्मच्या जागी सर्व्हर आला.

ब्लाइंड केलं तरी मोजमापाचा घोळ उरतोच. यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग 1976 चा, मोर्टेल आणि हॅनली यांचा. मऊ गादीवर 12 टणक गोळे ठेवले, वर फोमचा थर पसरला, आणि 16 अनुभवी ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, बोलावून सांगितलं, चाचपडून मोजा. गंमत अशी की काही गोळे अगदी एकाच मापाचे होते, तरी आकडे वेगळे आले, आणि तेही एकाच डॉक्टरच्या हातून! म्हणजे काहीही न बदलता "ट्युमर लहान झाला" अशी नोंद होऊ शकते. क्षेत्रफळात 25 टक्के घट पुरेशी धरली तर असे खोटे रिस्पॉन्स भरपूर निघत होते, 50 टक्क्यांची अट घातल्यावर बरेच कमी झाले. पुढे डब्ल्यूएचओच्या निकषात 50 टक्के आले. 2000 साली रेसिस्ट (गाठी मोजायचे नवे निकष) आलं तेव्हा दोन व्यासांचा गुणाकार सोडून एकच व्यास मोजायचं ठरलं आणि आकडा झाला 30 टक्के. 0.7 गुणिले 0.7 करून बघा, 0.49 येतं, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ निम्मंच. तोच फोमखालचा गोळा, दुसऱ्या गणितात.

आता रोज वापरतो ते 2009 चं रेसिस्ट 1.1. जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, एका अवयवातल्या दोनच, आणि व्यासांची बेरीज करायची. समजा सुरुवातीची बेरीज 100 मिलिमीटर. पुढच्या स्कॅनला 66, म्हणजे 34 टक्के घट, पार्शल रिस्पॉन्स (औषध बऱ्यापैकी लागू पडलं), सगळे खूश. नंतर 50. त्यानंतर 61 आली की संपलं, कारण वाढ मोजायची ती सगळ्यात कमी आकड्यापासून, 50 वरून 61 म्हणजे 22 टक्के, ठरलेल्या हद्दीच्या वर, आणि 5 मिलिमीटरपेक्षा जास्तही, म्हणून प्रोग्रेशन, म्हणजे आजार वाढला. पेशंटच्या घरच्यांना हे अजिबात पटत नाही, सुरुवातीपेक्षा गाठ अजून एवढी लहान आहे मग आजार वाढला कसा म्हणता? नियमाला कारण आहे, गाठ परत वाढायला लागली हे लवकर कळलं पाहिजे, पण त्यांची तडफड मला समजते.

आणि हे आकडेसुद्धा कधी जुळतात, कधी नाही. दोन रीडर स्वतंत्र वाचतात, आणि बहुतेक भांडण पहिल्याच स्कॅनवर ठरलेलं असतं. एकाने लिव्हरमधल्या दोन गाठी धरल्या, दुसऱ्याने त्याच लिव्हरमधली एक आणि फुप्फुसातली एक, मग पुढे निकाल वेगळे येणारच. तेव्हा तिसरा, म्हणजे अॅडज्युडिकेटर, दोघांपैकी एकाचं मान्य करतो. त्यात साइटवरून, म्हणजे ट्रायलमधल्या हॉस्पिटलांतून, येणारे स्कॅन, देवा! आधीचा स्कॅन पोर्टल व्हेनस फेजमधला (इंजेक्शनमधला कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनवर उठून दिसणारं द्रव्य, लिव्हरच्या शिरांत पोचल्यावरचा), आणि या वेळी घाईत फक्त त्याआधीचा, धमन्यांमधला, आर्टेरियल पाठवलाय. कॉन्ट्रास्ट कुठल्या वेळी कुठे पोचला यावर लिव्हरमधली तीच गाठ मोठी, लहान किंवा गायबसुद्धा दिसते. अशा वेळी साइटला क्वेरी, म्हणजे लेखी शंका, टाकायची आणि साइट कोऑर्डिनेटरच्या शिव्या खायच्या, दुसरा उपाय नाही. पेशंटला परत स्कॅनला बोलावणं म्हणजे परत रेडिएशन, ते कोणी सहजासहजी करत नाही, आणि करूही नये.

शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या इम्युनोथेरपीने अजून एक गुंता आणला. इम्यून पेशी गाठीत घुसतात आणि गाठ आधी फुगलेली दिसते, मग आक्रसते. सगळ्यांमध्ये नाही होत हे, थोड्यांमध्येच, पण होतं. म्हणून 2017 च्या आयरेसिस्टमध्ये, म्हणजे इम्युनोथेरपीसाठीच्या रेसिस्टमध्ये, पहिली वाढ "अनकन्फर्म्ड" लिहायची आणि 4 ते 8 आठवड्यांनी पुन्हा बघायचं.

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. साइटवरचा डॉक्टर म्हणतो प्रोग्रेशन झालं, औषध बंद करतो, पेशंट दुसऱ्या उपचाराकडे जातो, जे त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. इकडे सेंट्रल रीडरला तोच स्कॅन स्टेबल, म्हणजे फारसा न बदललेला, वाटतो. पण पुढचे स्कॅन आता येणारच नाहीत, त्यामुळे त्या पेशंटची नोंद मध्येच तुटते. असे पेशंट एका ग्रुपमध्ये जास्त निघाले तर ट्रायलचा शेवटचा निकाल एका बाजूला झुकतो. म्हणून काही ट्रायल्समध्ये औषध थांबवण्याआधी सेंट्रलकडून प्रोग्रेशन कन्फर्म करून घेतात, आम्हाला त्यासाठी अगदी थोडे दिवस मिळतात आणि सगळ्यात जास्त फोन त्याच दिवसांत येतात.