श्वास कुठे घ्यायचा?

जुन्या नाशकातल्या वाड्यांत दिवेलागणीला परवचा सुरू व्हायचा. पाढ्यांच्या मागोमाग मनाचे श्लोक. २०५ श्लोक, सगळे भुजंगप्रयात वृत्तात: लघु-गुरु-गुरु अशा तीन-तीन अक्षरांचे चार गण, चरणात १२ अक्षरे. मुलांना गण ठाऊक नसायचे, हेल ठाऊक असायचा. म्हणून पहिल्याच चरणाला चूक ठरलेली: ‘गणाधी शजोई शसर्वां गुणांचा’. ठेका शाबूत, अर्थ गायब! अशा वेळी चरण आधी गद्यासारखा वाचून घ्यावा, ‘गणाधीश जो ईश’ असे शब्द सुटे ऐकू आले की मगच चालीवर घ्यावा. श्वास चरणाच्या शेवटी, मधे नाही.

मोरोपंतांच्या केकावलीत मात्र मधेच थांबावे लागते. पृथ्वी वृत्त, १७ अक्षरे, यती, म्हणजे थांबा, आठव्यावर. ‘सुसंगति सदा घडो’ इथे आठ भरतात, उरलेली नऊ पुढच्या दमात. घात करते ती वेलांटी. हल्लीच्या सवयीने डोळा ‘सुसंगती’ वाचतो, चौथे अक्षर लांबते आणि पुढचा सगळा चरण लंगडतो. जुन्या छापातले ऱ्हस्व-दीर्घ म्हणूनच सुधारू नयेत.

ओवीचे गणित सैल, आणि म्हणूनच ती जास्त अवघड. ‘ॐ नमो जी आद्या, वेद प्रतिपाद्या, जय जय स्वसंवेद्या’ हे तीन चरण यमकाने चढत जातात. चौथा, ‘आत्मरूपा’, आखूड आणि यमकाविना. तिथे आवाज खाली आणून टेकवायचा. नवखा वाचक चौथाही चढवतो, मग दहा ओव्यांत घसा बसतो आणि माजघरातल्या बायका पेंगू लागतात.

चातुर्मासात दुपारी हरिविजय ही कृष्णकथेची पोथी लागे. ३६ अध्याय, बैठकीला एक. पोथीची पाने सुटी. वाचलेले पान पुढच्या बाजूला पालथे ठेवायचे. चौकातून वारा येत असेल तर त्यावर काहीतरी वजन हवेच.

पुढे कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ आला, १९४२ साली. त्यातले ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ म्हणजे पुन्हा भुजंगप्रयातच: ‘युगामागुनी चालली रे युगे ही’. परवचा पाठ असलेल्याला ते शिकवावे लागत नाही. पण श्लोकाच्या हेलावर म्हटले तर कविता मेलीच समजा. लय तीच ठेवून चाल सोडायची, आणि ‘रे’वर किंचित रेंगाळायचे.