विहीर दीड मीटर सरकली

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काकांच्या घराचं काम आमच्याकडे होतं. दोन खोल्या, समुद्राच्या अंगाला पडवी, जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. काम लहान, पण सगळा जीव एका रेषेत अडकलेला. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे, ज्या ग्रामीण भागात 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरमागे 2161 पेक्षा कमी माणसं राहतात, तिथे भरतीरेषेपासून 200 मीटर हा ना-विकास पट्टा. काकांचं गाव त्यातलंच. आमच्या नकाशावर पडवीचा कोपरा 200.80 मीटरवर येत होता. म्हणजे सुटलो.

फाइल सोमवारी द्यायची होती. शनिवारी काका सहीला आले. चष्मा लावून बराच वेळ कागद बघत राहिले आणि मग नकाशावर बोट ठेवलं.

"बाय, सर्वेवाल्यान खुटो मारलो तो पडवेच्या जोत्यात येता. हय तर तो भायर दिसता."

जोत्याची आखणी आम्ही चुन्याने करून दिली होती आणि 200 मीटरच्या रेषेवर सर्वेअरने लाल रंगाच्या खुंट्या मारल्या होत्या. दोन्ही गोष्टी काका रोज सकाळी बघत होते. मी त्यांना म्हटलं, आज सही नको, मला तपासू द्या.

घराचा साइट प्लॅन जुना, टेपने मापं घेऊन काढलेला. त्यातली मापं मी स्वतः घेतली होती. विहिरीच्या मध्यापासून पूर्वेकडच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कोपऱ्यापर्यंत 31.40 मीटर, हा आकडा माझ्या डोक्यात होता, कारण टेप 30 मीटरचा असल्याने ते माप दोन तुकड्यांत घ्यावं लागलं होतं. सर्वेअरची फाइल मात्र यूटीएम झोन 43 मधली, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीतली: साडेतीन लाखांच्या घरातलं ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा), साडेसतरा लाखांच्या घरातलं नॉर्दिंग (उत्तरेकडचा). दोन्ही ड्रॉइंग मीटरमध्येच होती. आमच्या ऑफिसातल्या नवीन मुलाने सर्वेतली भरतीरेषा, 200 मीटरची रेषा, विहीर आणि गडगा एकत्र निवडून कंट्रोल-सी केलं, ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या आपल्या ड्रॉइंगमध्ये कंट्रोल-व्ही केलं, आणि दोन बिंदू जुळवून देणाऱ्या अलाइन कमांडने विहीर विहिरीवर, गडग्याचा कोपरा गडग्याच्या दिशेला बसवला. मग दुहेरी दिसायला नको म्हणून आणलेली विहीर आणि गडगा पुसून टाकले. पद्धत म्हणून यात काही वावगं नाही. मीही असंच केलं असतं.

मी त्याला शेजारी बसवलं आणि तेच सगळं पुन्हा करायला सांगितलं, फक्त पुसायचं नाही. विहिरी एकावर एक चपखल बसल्या. गडग्याचे कोपरे मात्र बसले नाहीत. झूम केलं तर दोन कोपरे, मध्ये दीड मीटरची फट. आणलेल्या सामानात विहीर ते कोपरा अंतर मोजलं तर 29.90. सर्वेअरच्या मूळ फाइलमध्ये मोजलं तर 31.40. सर्वे बरोबर, आमची टेप बरोबर, आणि वाटेत कुठेतरी विहीर सरकलेली.

मग स्क्रीनवर जिथे ऑटोकॅडचे संदेश उमटतात त्या कमांड लाइनवर नजर गेली. पेस्ट केल्याबरोबर तिथे एक ओळ येऊन गेली होती. एफ-टू दाबून वर जाऊन वाचली: वेल (इंग्रजीतली विहीर) नावाच्या ब्लॉकची दुसरी व्याख्या दुर्लक्षित केली, अशा अर्थाची. ब्लॉक म्हणजे एकदा काढून, नाव देऊन, पुन्हा पुन्हा वापरायचं चित्र. तिथेच उलगडा झाला. सर्वेअरने विहीर ब्लॉक म्हणून काढली होती, नाव वेल. आमच्या ड्रॉइंगमध्येही विहिरीचा ब्लॉक होता, नाव वेल. एकाच नावाचे दोन ब्लॉक भेटले की ऑटोकॅड ज्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट करतो तिथली व्याख्या ठेवतं, आलेली सोडून देतं. लेयरचंही तसंच, पण तिथे फार तर रंग बदलतो. ब्लॉकमध्ये जागा बदलू शकते. ब्लॉक ज्या बिंदूला धरून नकाशात बसतो तो त्याचा बेस पॉइंट. सर्वेअरचा बेस पॉइंट विहिरीच्या मध्यावर होता, आमचा तीन मीटर व्यासाच्या वर्तुळाच्या पश्चिम काठावर. त्यामुळे आलेल्या विहिरीचा बेस पॉइंट जागेवर राहिला आणि वर्तुळ दीड मीटर पूर्वेला उमटलं. मुलाने त्याचा सेंटर पकडून खऱ्या विहिरीवर आणला, म्हणजे सोबतची भरतीरेषा दीड मीटर पश्चिमेला, समुद्राकडे ढकलली गेली.

पडवीचा कोपरा 199.30 वर होता. 70 सेंटिमीटर पट्ट्यात.

मुलगा गप्प झाला होता. त्याला म्हटलं, चूक तुझ्या एकट्याची नाही. त्या ब्लॉकचा बेस पॉइंट काठावर मीच ठेवला होता, पाच वर्षांपूर्वी, घाईत. तो तसाच ड्रॉइंगमधून ड्रॉइंगमध्ये फिरत आला. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण चुकीच्या नकाशावर परवानगी मिळाली असती तरी नंतर कोणी मोजलं असतं तर उभ्या भिंतीवर नोटीस लागली असती, आणि ती काकांच्या नावाने.

या वेळी उलट केलं. सर्वेची फाइल जागेवर ठेवली, तिला हात लावला नाही. आमच्या प्लॅनमधलं फक्त घर आणि गडगा कंट्रोल-शिफ्ट-सी करून (यात कॉपी करताना बेस पॉइंट आपण देतो), गडग्याचा कोपरा बेस पॉइंट देऊन, त्यात आणलं. फिरवलं, आणि दुसऱ्या कोपऱ्याचं अंतर मोजून पडताळलं. मग रेषा नेमकी खुंटीच्या जागी, जोत्याच्या आत आली.

घर मागे सरकवता आलं असतं, पण मागे फणस आहे आणि काका तो तोडायला तयार नव्हते. पडवीच 2.40 मीटरवरून 1.50 वर आणली. कोपरा 200.20 वर गेला. सोमवारऐवजी फाइल गुरुवारी गेली.

नवा नकाशा बघून काकांनी एकच विचारलं, "खाट बसतली मगे?"

त्यांच्या समोरच पडवीत सहा फुटी खाट भिंतीला लावून काढून दाखवली. पायाकडून माणूस जाईल एवढी वाट राहिली. मग त्यांनी पेन मागितलं.